न उमटणारी अक्षरं

"मेल्याला झालंय तरी काय! अगं ह्येरान, बघ ना, मी इथं बडवतेय आणि हा आपला ढिम्म!"

ओक्बुनताई नुकत्याच जेवून आल्या होत्या. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दोन कळा दाबल्या, मग चार, आणि शेवटी वैतागून सगळा पंजाच कीबोर्डवर आपटला. स्क्रीनवर एक अक्षर उमटेना. बार्लीच्या चहाचा पेला हातात धरून उभ्या असलेल्या ह्येरानचा चेहरा पडला. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिस रिकामं असताना, त्या टर्मिनलवर तिनंच काहीतरी करून पाहिलं होतं आणि पावलं वाजली म्हणून अर्ध्यात सोडलं होतं.

"कीबोर्ड गेला वाटतं," ओक्बुनताई म्हणाल्या. "आता असल्या दिवसांत नवा मागायला गेले, तर ब्योनसाहेब म्हणतील, बाई, उद्यापासून तोंडी हिशेब करा."

"थांबा, थांबा. मारू नका त्याला."

कोपऱ्यातल्या टेबलावरून योमसाहेब उठले. पन्नाशीला टेकलेला शिडशिडीत माणूस, चष्मा कपाळावर, स्वेटरच्या दोन्ही कोपरांना बायकोनं लावलेली चामड्याची ठिगळं. ते ओक्बुनताईंच्या खांद्यावरून वाकले, एका हातानं पाच-सहा कळा दाबल्या. स्क्रीन कोरीच. मग त्यांनी एंटर दाबलं आणि पुन्हा काही टाइप केलं, तर अक्षरं मुकाट्यानं एकामागून एक उमटू लागली.

"अगंबाई! मंत्र टाकलात की काय?"

"मंत्र कसला. ते बिघडलं नव्हतंच. तुमचं सगळं ऐकत होतं, फक्त बोलत नव्हतं."

"म्हणजे अगदी आमच्या ह्यांच्यासारखं!"

सगळे हसले. योमसाहेबही हसले. हसता हसताच त्यांची नजर ह्येरानकडे गेली आणि तिथंच थांबली.

"तुझं काम का गं हे?"

ह्येराननं मान हलवली.

"चल, दाखव मला काय करतेयस ते."

नाही म्हणायची सोय नव्हती. अकरा-बारा वर्षांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडून ती या ऑफिसात आली, तेव्हा तिला सी भाषेतला ओ की ठो कळत नव्हता. योमसाहेबांनी तिला शेजारी खुर्ची दिली आणि हाताला धरून शिकवलं. चुकलं की ओरडायचे नाहीत; नुसतं "हं, पुन्हा वाच" म्हणायचे. ते "पुन्हा वाच" ओरडण्यापेक्षा भारी पडायचं.

ऑफिस तसं लहानच. कोरियातल्या देगू शहराच्या पश्चिमेला कापड रंगवणाऱ्या गिरण्या होत्या, त्यांचे हिशेब, मालाच्या नोंदी, मजुरांचे पगार असं सगळं हे ऑफिस सांभाळायचं. पूर्वी मागच्या ओढ्याचं पाणी बघून आज कुणाकडे लाल चाललंय नि कुणाकडे निळं, हे ओक्बुनताई खिडकीतून सांगायच्या. पण तो हिवाळा आयएमएफच्या कर्जाचा. देशाची तिजोरी रिकामी झाली, ते कर्ज फिटावं म्हणून बायका बोटातल्या अंगठ्या काढून बँकेत देऊन आल्या, आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. ओढा बिनरंगाचा वाहू लागला.

ऑफिसचा सगळा कारभार ज्या प्रोग्रॅमवर चालायचा, तो योमसाहेबांनीच लिहिलेला. त्यात शिरताना तो फक्त नाव विचारायचा. नाव टाइप केलं की आत. कुणी गमतीनं दुसऱ्याचं नाव टाकूनही काम करायचं, आणि नंतर चुका कुणाच्या यावरून भांडणं व्हायची. पण कुलूप असं नव्हतं. कुलपाची गरजच कधी कुणाला वाटली नव्हती.

आणि मागच्या आठवड्यात संचालक ब्योन यांनी ह्येरानला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"पुढच्या महिन्यापासून आपल्या प्रोग्रॅमनं पासवर्ड विचारला पाहिजे. ग्राहकांची माहिती अशी उघड्यावर टाकून चालणार नाही."

"योमसाहेबांना सांगते. ते अर्ध्या दिवसात..."

"तू कर." ब्योनसाहेब खिडकीकडे बघत म्हणाले. "आणि बोलू नकोस कुणाशी. कुणाकुणाला आत घ्यायचं ते मी नंतर सांगेन."

ह्येरानला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण घरी दम्याची आई होती, आणि घरात मिळवणारी ती एकटी. बिसान भागातल्या त्यांच्या गल्लीत त्या महिन्यात तीन घरांतली माणसं घरी बसली होती. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली.

आता योमसाहेब तिच्या खुर्चीत बसले होते आणि ती शेजारी उभी. स्क्रीनवरचा तिचा प्रोग्रॅम ते वरून खाली वाचत गेले. पासवर्ड हा शब्द आला, तसे थांबले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. 'कशाला हवाय हा?' असं ते आता विचारतील म्हणून ह्येरान वाट बघत राहिली.

त्यांनी तसं काही विचारलं नाही.

"तयार फंक्शन असतं की यासाठी. ते का नाही वापरलंस?"

"आपल्या मशीनवरचं ते आठ अक्षरांच्या पुढचं सगळं गिळून टाकतं, साहेब. माणूस बारा अक्षरं टाकणार आणि ते आठच बघणार."

"बरोबर. मग स्वतः लिहायचं ठरवलंस. सांग बरं, काय काय करायचं?"

ह्येरान नकळत पुन्हा त्या पहिल्या वर्षातली मुलगी झाली. "टर्मिनलची आत्ताची मांडणी वाचायची. तिची एक प्रत बाजूला ठेवायची. मग टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर दाखवण्याची जी सोय असते, ती बंद करायची. पासवर्ड विचारायचा, ओळ वाचायची, आणि बाजूला ठेवलेली प्रत पुन्हा जागच्या जागी बसवायची."

"आणि मधेच कुणी कंट्रोल-सी दाबून, प्रोग्रॅम तोडून उठून गेलं तर?"

ते तिनं धरलंच नव्हतं.

"ओक्बुनबाईंचं झालं तेच होणार. प्रोग्रॅम मेला, पण दाखवण्याची सोय बंदच राहिली. पुढचा माणूस येऊन बसणार, टाइप करणार, काही दिसणार नाही, आणि त्याला वाटणार आपलंच काहीतरी चुकतंय." त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. "म्हणून कंट्रोल-सीचा तो सिग्नल आधी आपण अडवून धरायचा. कुणी मधेच उठलं, तर पहिल्यांदा टर्मिनल होतं तसं करायचं, मग त्याला जाऊ द्यायचं. ऐनवेळी घाई करायची नाही."

त्यांनी एकही ओळ स्वतः लिहिली नाही. नुसती बोटानं जागा दाखवत गेले, आणि ह्येरान वाकून टाइप करत गेली. दुपार कलली. काचेपलीकडच्या खोलीत मोठं मशीन घुमत होतं. वाचून झालेला पासवर्ड स्मृतीतून पुसायला ती विसरली होती. तिथं ते "हं, पुन्हा वाच" म्हणाले, आणि तिला सापडेपर्यंत वाट बघत बसले.

"पासवर्ड तसाच्या तसा कुठं ठेवणार नाहीयेस ना?"

"नाही साहेब. दळूनच ठेवणार."

"दळलेल्या पिठावरून दाणा कुणाच्या शेतातला ते कळत नाही. तेच हवं."

उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, जरा थांबले, आणि इतक्या हळू बोलले की ओक्बुनताईंनाही ऐकू गेलं नसावं.

"ब्योननं सांगितलंय ना? नको, उत्तर देऊ नकोस. काम नीट कर म्हणजे झालं."

---

गुरुवारी एकेकाला बोलावून ह्येराननं पासवर्ड घेतले. दोनदा टाइप करायचा, दोन्ही वेळा जुळला तर घेतला जायचा. ऑफिसात जत्रेचं वातावरण झालं.

"दिसतच नाही, तर चुकलं कसं कळणार गं?" ओक्बुनताई म्हणाल्या. "निदान चांदण्या तरी दाखव. बँकेत दाखवतात."

"चांदण्या मोजून किती अक्षरं आहेत ते मागचा माणूस ओळखतो, ताई."

"ओळखू दे की! माझ्याकडं आहे काय चोरायला? नवरा? ने म्हणावं आजच!"

योमसाहेब सगळ्यांत शेवटी आले. खुर्ची नीट करून बसले. ह्येराननं शिष्टाचार म्हणून मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिला नुसता कळांचा आवाज येत होता. सावकाश, एकसारखा, बराच लांबलचक. मग पुन्हा तसाच. मधे कुठं थांबणं नाही, अडखळणं नाही. स्क्रीनवर 'घेतला' असं उमटलं.

"चांगलं चालतंय," ते म्हणाले.

शुक्रवारी ब्योनसाहेबांनी तिला पुन्हा आत बोलावलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या आठवड्यात त्यांनी मोटार विकली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिघांची नावं तोंडानं सांगितली. ही आता आत येणार नाहीत. तिसरं नाव योम गिचोल होतं.

"साहेब," ह्येरानच्या तोंडून निघून गेलं, "हे सगळं त्यांनीच तर उभं केलंय."

"मला नाही माहीत ते?"

"मग?"

"उभं केलंय, चालू आहे. चालवायला तू आहेस. तुझा पगार त्यांच्या निम्मा." ब्योनसाहेबांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. "असं बघू नकोस माझ्याकडं. मी त्यांच्या लग्नात जेवलोय. उद्या मीच सांगेन त्यांना, माझ्या तोंडानं. तू फक्त तुझं काम कर."

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. बारा वाजायच्या सुमारास दोघंजण केबिनमध्ये गेले आणि खाली मान घालून बाहेर आले. ओक्बुनताई त्यातल्या एकाला धरून रडल्या. योमसाहेब त्या वेळी कारखान्यात एका ग्राहकाकडे गेले होते, ते एक वाजता परतले. ह्येराननं त्यांना केबिनकडे जाताना पाहिलं आणि ती पुढचं बघायला थांबली नाही. सगळे गेल्यावर परत येऊन तिनं तिन्ही नावं काढली. त्यासाठी एका ओळीची आज्ञा पुरत होती. तिसरी आज्ञा लिहिल्यावर तिचा हात कळेवर बराच वेळ राहिला.

केबिन रिकामी होती हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ब्योनसाहेब मागच्या जिन्यानं निघून गेले होते. दोघांना सांगेपर्यंत त्यांचं धैर्य टिकलं, तिसऱ्यापाशी संपलं.

---

सोमवारी सकाळी दार उघडून योमसाहेब आत आले, तेव्हा ह्येरान हातातला कागद खाली ठेवून बघतच राहिली.

"काय थंडी आहे!" ते म्हणाले. मफलर काढून खुंटीला अडकवला, हात एकमेकांवर चोळले, आणि आपल्या टर्मिनलपुढं बसले. नाव टाइप केलं. पासवर्ड टाइप केला.

स्क्रीनवर उमटलं: चुकीचा पासवर्ड.

"हं," ते म्हणाले. बोटं उघडमीट केली. पुन्हा टाइप केलं, आता जरा सावकाश.

चुकीचा पासवर्ड.

ओक्बुनताईंनी हातातला फोन खाली ठेवला. त्यांना कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. दोन खुर्च्या आधीच रिकाम्या होत्या. फक्त त्या माणसाला कळत नव्हतं, कारण आपण काय टाइप करतोय ते त्याला दिसत नव्हतं. दिसलं असतं, तर पहिल्याच वेळी त्यानं ओळखलं असतं की अक्षर न् अक्षर बरोबर आहे. आता तो आपल्याच बोटांवर संशय घेत होता.

"बोटं आखडलीत थंडीनं," योमसाहेब मोठ्यानं, पण कुणालाच उद्देशून नाही असं बोलले. त्यांनी तळहातांवर फुंकर घातली. चष्मा खाली ओढला. मग एकेक कळ शोधत, लहान मूल पहिल्यांदा कीबोर्डला हात लावतं तसं, एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली.

ह्येरान उठली. तिच्या टेबलापासून त्यांचं टेबल हाकेच्या अंतरावर, पण तिला पोचायला फार वेळ लागला. ती त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली, बाकीच्यांना तिचं तोंड दिसू नये म्हणून.

"साहेब," ती म्हणाली. "तुमचं चुकत नाहीये."

त्यांचं बोट कळेवर तसंच थांबलं.

ते तिच्याकडे वळले नाहीत. स्क्रीनवर पासवर्ड विचारणारी ओळ तशीच उभी होती. काही क्षणांनी त्यांनी डावा हात पुढं केला आणि कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्रॅम बंद झाला. आज्ञा द्यायची बाहेरची साधी ओळ आली. तिथं त्यांनी दोन-चार अक्षरं उगीच टाइप केली. ती नीट दिसली.

"होतं तसं झालंय सगळं," ते म्हणाले. "छान केलंयस."

त्या साध्या ओळीवरून ते आणखी तीन वाटांनी आत शिरू शकले असते. घर त्यांनीच बांधलेलं. कुठली खिडकी ढिली आहे ते त्यांच्याशिवाय कुणाला माहीत? त्यांनी टर्मिनल बंद केलं. खणातून नेलकटर, एक पेन आणि मुलीचा फोटो काढून बॅगेत टाकला, मफलर घेतला, आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. केबिनचं दार आतून बंद होतं. त्यांनी बंद दारालाही वाकून नमस्कार केला.

ओक्बुनताई त्यांच्या मागं जिन्यापर्यंत धावल्या. "साहेब, अहो साहेब, काहीतरी बोला तरी!"

"काय बोलू? नवऱ्याला सांभाळा," ते म्हणाले, आणि उतरून गेले.

---

एप्रिलच्या शेवटी गिरणीचे कागद देऊन परतताना ह्येरान दाल्सोंग बागेतून पायवाटेनं निघाली होती. चेरीचा बहर कधीच झडून गेला होता. म्हातारे बाकांवर बसून सोंगट्या खेळत होते. त्यांच्यापासून जरा बाजूला, एका मोठ्या झाडाखाली कोट-टाय घातलेला एक माणूस मांडीवर बॅग ठेवून बसला होता, आणि बॅगेवर उघडा डबा.

ती मागच्या मागं वळणार, तोच त्यांनी पाहिलं.

"ये, बस. मला आता पळून जायला जागा नाही, आणि तुला पळू देणार नाही."

डब्यात भात, त्यावर तळलेलं अंडं, कोपऱ्यात मुळ्याची आंबट-तिखट किमची. त्यांनी अर्धं अंडं तिच्याकडे सरकवलं. तिनं खाल्लं.

"काय म्हणतो प्रोग्रॅम? तक्रार?"

"ओक्बुनताई रोज तीनदा चुकतात. आता त्यांनी मुलाचं नाव ठेवलंय आणि सगळ्या ऑफिसला सांगून टाकलंय, म्हणजे विसरल्या तर कुणीतरी सांगेल."

योमसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. सोंगट्या खेळणारे वळून बघू लागले. त्यांनी डोळे पुसले.

"घरी माहीत नाही," मग ते म्हणाले. "मुलीची कॉलेजप्रवेशाची परीक्षा नोव्हेंबरात आहे. तोपर्यंत घरात काही हलवायचं नाही, असं ठरवलंय. सकाळी निघतो, संध्याकाळी जातो. तू बोलू नकोस कुणाशी."

"नाही बोलणार." ती जमिनीकडे बघत होती. "साहेब, तुमचं नाव मी काढलं. माझ्या हातानं."

"मग कुणाच्या हातानं काढायला हवं होतं?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "दुसऱ्या कुणी काढलं असतं, तर काहीतरी अर्धवट ठेवलं असतं."

---

मे महिन्यात एका सकाळी ऑफिसचं दार ढकलून एक बाई आत आली. दोन्ही हातांत कापडात बांधलेलं जड गाठोडं, आणि त्यातून वाफ निघत होती.

"माफ करा हं, कामाच्या वेळी आले. मी योम गिचोलांची बायको."

ऑफिसात जे जसं होतं ते तसंच थिजलं.

"आज पन्नास पूर्ण झाली त्यांना," ती गाठोडं सोडत म्हणाली. आत तांदळाचा वाफवलेला केक, त्यावर लाल चवळीसारख्या दाण्यांचा थर. "दरवर्षी तेच घेऊन येतात ना तुमच्यासाठी! आज सकाळी बांधून ठेवला, तर तिथंच विसरून गेले. पन्नाशी झाली की असंच व्हायचं. म्हटलं, गार झाल्यावर मजा नाही. म्हणून आले घेऊन."

"अगंबाई, वहिनी! किती जड!" सगळ्यांत आधी ओक्बुनताईंना कंठ फुटला. "कशाला एवढा त्रास? या, बसा ना."

"नाही, नाही, बसत नाही. ते कुठं आहेत?"

ह्येरान उठून उभी राहिली होती. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. ब्योनसाहेब बाहेर आले. त्यांनी कोटाचं बटण लावलं, आणि त्या बाईपुढं कमरेत इतके वाकले की त्यांच्या डोक्यावरचं टक्कल सगळ्यांना दिसलं.

"वहिनी, योमसाहेब ग्राहकाकडं गेलेत. गुमीला. यायला संध्याकाळ होईल."

"असं होय." ती हसली. मग तिनं ऑफिसभर नजर फिरवली. "त्यांचं टेबल कुठलं हो? कधी पाहिलंच नाही मी."

कुणीच हात दाखवला नाही. पण सगळ्यांचे डोळे नकळत कोपऱ्याकडे गेले, आणि तिचेही गेले.

टेबलावर कागदाचे रिकामे खोके रचलेले होते. वर एक मोडका प्रिंटर. खुर्ची नव्हती, कधीतरी कुणीतरी आपल्या वापराला ओढून नेली होती. टर्मिनलही उचलून नेलं होतं, त्याच्या जागी धूळ नसलेला एक चौकोन राहिला होता आणि त्यावरही आता नवी धूळ बसायला लागली होती.

ती बाई बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं नाही. फक्त त्यातलं काहीतरी निघून गेलं.

"गुमीला," ती म्हणाली. "बरं, बरं."

मग तिनं बाह्या सारख्या केल्या, बरोबर आणलेल्या सुरीनं केकचे तुकडे कापले, आणि प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन, दोन्ही हातांनी, स्वतः दिले. ब्योनसाहेबांनाही दिला. तिनं तो तुकडा त्यांच्या तळहातावर नीट ठेवून, मगच आपला हात काढला.

"आमच्या माणसाला सांभाळून घ्या," ती सगळ्यांना वाकून म्हणाली. तशी म्हणायची रीतच आहे. नेहमीसारखं म्हणाली आणि निघाली.

खिडकीतून ह्येरानला रस्त्यापलीकडचा बसथांबा दिसत होता. बाई बाकावर बसली. बस आली, ती उठली नाही. दुसरी आली, तीही गेली. ह्येराननं हातातला तुकडा टेबलावर ठेवला आणि कुणाला न विचारता जिना उतरून गेली.

ती शेजारी बसली, तरी बाईनं मान वळवली नाही. गाठोड्याचं कापड तिच्या मांडीवर होतं. ती त्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"तुम्ही ह्येरान ना? तुमच्याबद्दल बोलतात घरी."

"हो, वहिनी."

"रोज डबा घेऊन जातात." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "रिकामा आणतात. भाताचं शीतही ठेवत नाहीत."

बागेत दिलेला शब्द ह्येरानच्या जिभेवर दगडासारखा बसला होता.

"कधीपासून, ते विचारत नाही मी," बाई म्हणाली. "त्यांनी सांगितलं नाही, म्हणजे सांगायचं नसेल. मी पण आज इथं आलेच नाही. केक शेजारी वाटला म्हणून सांगेन." तिनं घडीवर तळवा फिरवला. "एवढंच सांगा. जेवायला बसतात कुठं?"

समोरून ट्रक धूळ उडवत गेला.

"बागेत," ती शेवटी म्हणाली. "मोठं झाड आहे एक. त्याच्याखाली."

"सावली असते?"

"असते, वहिनी. दाट असते."

"मग बरं." बाईनं मान डोलावली. "आता उन्हाळा तोंडावर आलाय."

बस आली. या वेळी ती उठली. तिकिटाचं नाणं मुठीत धरून पायरी चढली, आणि आत जाऊन खिडकीशी बसली. ह्येरान उभी राहून वाकली. मान वर केली तेव्हा बस सुटली होती, आणि काचेआड ती बाई ताठ बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत होती.